फुगवटा नव्हे, कायल

वाचकांचे प्रश्न : केरळच्या जलमार्गांवरील प्रवास

हिवाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत केरळविषयीची पत्रे वाढतात. यंदा त्यांतील बहुतेकांचा रोख हाउसबोटीवर होता. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही नागपूरजवळच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांचे बॅकवॉटर अनेकदा पाहिले आहे. केरळचे बॅकवॉटर म्हणजेही धरणाचेच पाणी ना? मग त्यासाठी एवढ्या दूर कशाला जावे? – एक वाचक, गोधनी

नाव एकच असले तरी वस्तू वेगळी आहे. आपल्याकडे बॅकवॉटर म्हणजे धरणाच्या भिंतीमुळे नदीच्या पात्रात मागे चढत गेलेले पाणी. पाटबंधारे खात्यातील मंडळी त्याला फुगवटा म्हणतात, आणि गोसीखुर्द धरणाचा फुगवटा म्हणजे काय हे भंडारा जिल्ह्यात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना सांगायला नको. केरळात पाणी अडले आहे ते भिंतीमुळे नव्हे, वाळूमुळे. सह्याद्रीवरून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या किनाऱ्याशी पोहोचतात तेव्हा समुद्राच्या लाटांनी आणि प्रवाहांनी रचलेला वाळूचा लांबच लांब पट्टा त्यांच्या वाटेत आडवा आलेला असतो, आणि त्याच्या मागे ते पाणी किनाऱ्याला समांतर पसरत जाते. अशा जलाशयाला मल्याळम भाषेत कायल म्हणतात. सुमारे ९६ किलोमीटर लांबीचे वेंबनाड कायल हे भारतातील सर्वांत लांब सरोवर मानले जाते. त्याच्या दक्षिणेला कोल्लमजवळ अष्टमुडी कायल आहे. या दोन्ही पाणथळ क्षेत्रांचा समावेश २००२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला.

कायल समुद्राला जेथे मिळते त्या मुखाचेही दोन प्रकार आहेत. जे मुख बारमाही उघडे असते त्याला अळी म्हणतात, आणि जे वाळूने बुजते व पावसाळ्यात पुन्हा फुटते किंवा फोडावे लागते त्याला पोळी. (आपल्या ताटातील पोळीशी याचा काहीही संबंध नाही, पण शब्द लक्षात राहायला सोपा जातो.) या मुखांतून भरतीचे खारे पाणी आत येते आणि नद्यांचे गोडे पाणी बाहेर जाते, त्यामुळे एकाच जागचे पाणी ऑगस्टमध्ये गोडे आणि मार्चमध्ये मचूळ असू शकते. धरणाच्या फुगवट्यात हे घडत नाही.

आता दूर कशाला जावे याविषयी. फुगवटा आला की गाव उठते. कायलच्या काठी मात्र गाव पाण्यातच वसलेले असते. दोन कालव्यांच्या मध्ये बैलगाडीच्या वाटेएवढी जमीन, तिच्यावर नारळाची रांग, घरे, एखादे दुकान, आणि प्रत्येक घराच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, असे दृश्य तेथे मैलोन्‌मैल दिसते. शाळकरी मुले, गॅसचे सिलिंडर, नवरदेवाकडची मंडळी आणि दवाखान्यात न्यायचा रुग्ण हे सारे पाण्यावरूनच जातात. आलप्पुळा, म्हणजे जुन्या नकाशांतील आलेप्पी, हे गाव तर कालवे खणूनच बंदर झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोर संस्थानाचे दिवाण राजा केशवदास यांनी कायल आणि समुद्रकिनारा यांना जोडणारे कालवे करवून घेतले, आणि आतल्या प्रदेशातील मिरी व काथ्या होड्यांतून जहाजांपर्यंत पोहोचू लागला. ते कालवे आजही शहराच्या मध्यातून जातात. तेथील पाणी फार स्वच्छ आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्न : आम्ही घरची सहा माणसे आहोत. आई ७४ वर्षांच्या असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मुलांना हाउसबोटीवर दोन रात्री हव्या आहेत, पत्नीच्या मते एक रात्र पुरेशी आहे. आपले मत काय? – एक वाचक, प्रतापनगर

वहिनींचे म्हणणे योग्य आहे, आणि त्याची कारणे मुलांना समजावून सांगण्यासारखी आहेत.

हाउसबोट ही मूळची केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली नाव. आंजिलीच्या, आपल्याकडे ज्याला रानफणस म्हणतात त्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून ती तयार होत असे. तिला खिळा मारत नसत. सांध्यांत काथ्या ठासून वरून काळे राळेसारखे लेपण देत. वेंबनाडच्या दक्षिण टोकाच्या कुट्टनाड भागातील तांदूळ आणि मसाल्याचे पदार्थ या नावांतून कोचीकडे जात. रस्ते आणि ट्रक आल्यावर त्यांचे काम गेले, आणि पुढे पर्यटनासाठी त्यांच्यावर खोल्या चढल्या. मालवाहू नावेचा आकार मोठा असतो, म्हणूनच आजची हाउसबोट रुंद पाण्यातच फिरू शकते. ज्या अरुंद कालव्यांची छायाचित्रे पाहून आपण आरक्षण करतो, त्या कालव्यांत ती शिरत नाही. हे आरक्षण करताना कोणी आपणहून सांगत नाही.

दुसरे कारण वेळेचे आहे. साधारणपणे दुपारी बाराच्या सुमारास आपण चढतो आणि सायंकाळी साडेपाचच्या आसपास बोट काठाला बांधली जाते, कारण अंधार पडल्यावर कायलमध्ये कोळ्यांची जाळी पसरतात आणि तेव्हा पाण्यावर त्यांचा हक्क असतो. सकाळी थोडा फेरफटका होतो आणि नऊच्या सुमारास उतरावे लागते. म्हणजे वीस-एकवीस तासांच्या मुक्कामात प्रत्यक्ष प्रवास पाच-सहा तासांचाच असतो. माझी स्वतःची पहिली हाउसबोट अशीच साडेपाचला दहा-बारा बोटींच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि रात्रभर मी बेडकांऐवजी शेजारच्या जनरेटरचा आवाज ऐकला. त्यामुळे आरक्षण करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: बोट रात्री कोठे बांधणार, वातानुकूलन दिवसभर चालते की फक्त रात्री, आणि शौचालयाच्या सांडपाण्याची व्यवस्था काय आहे. तिसऱ्या प्रश्नाला जो मालक नीट उत्तर देतो, त्याची बोट सहसा बाकी बाबतींतही नीट असते, असा माझा अनुभव आहे.

आईंसाठी हाउसबोट तशी सोयीची आहे. खोल्या बहुधा खालच्याच मजल्यावर असतात आणि बसण्यासाठी आरामखुर्च्या असतात. अडचण फक्त काठावरून आत जाणाऱ्या फळीची. एकमजली बोट मागावी आणि चढते वेळी दोन्ही बाजूंना माणसे उभी करावीत. दुसऱ्या दिवशी मुलांनी शिकारा, म्हणजे छत असलेली लहान मोटारबोट, तीन-चार तासांसाठी घ्यावी, कारण ती अरुंद कालव्यांत जाते. कोची मुक्कामात आईंना वॉटर मेट्रोने अवश्य न्यावे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत धक्काच पाण्यावर तरंगता असतो, त्यामुळे बोटीची फरशी आणि धक्का जवळजवळ एका पातळीत राहतात आणि चाकाची खुर्चीही आत जाते. बोटी विजेवर चालत असल्यामुळे गोंगाटही कमी असतो.

प्रश्न : मी निवृत्त असून एकटा फिरतो. हाउसबोटीचा खर्च मला नको आहे. साध्या प्रवासी बोटीने जाता येईल का, आणि नागपूरहून कसे जावे? – एक वाचक, मनीषनगर

आपण योग्य मार्ग निवडला आहे, आणि खरे तर ज्यांना खर्च परवडतो त्यांनीही निदान एकदा असेच जावे, असे मी आग्रहाने सुचवीन. केरळ शासनाच्या राज्य जलवाहतूक विभागाचे मुख्यालय आलप्पुळा येथे असून आपल्याकडे एस.टी. जशी गावोगाव जाते तशा त्याच्या बोटी धक्क्याधक्क्यावर थांबत जातात. बाकडी लाकडी, खिडक्या उघड्या, वाहक तिकीट फाडून देतो, आणि भाडे शहर बसच्या तोडीचे असते.

नागपूरहून केरळ एक्स्प्रेस एर्नाकुलम आणि कोट्टायम मार्गे तिरुवनंतपुरमला जाते. ती आलप्पुळ्यावरून जात नाही, याची अनेकांना खंत वाटते. मला तो लाभ वाटतो. कोट्टायमला उतरून रात्रीचा मुक्काम करावा आणि सकाळी कोडिमथा धक्क्यावरून आलप्पुळ्याची बोट धरावी. सुमारे अडीच तासांचा हा प्रवास आधी अरुंद कालव्यातून, मग धानाच्या शेतांमधून आणि शेवटी वेंबनाडच्या मोकळ्या पाण्यातून होतो, म्हणजे जे पाहायला लोक हजारो रुपये मोजतात ते सारे त्यात येते. या वाटेवर बोट आली की उचलून धरावे लागणारे लहान पूल आहेत. ते नादुरुस्त झाले की बोट कोडिमथाऐवजी पुढच्या कांजिरम येथून सुटते, म्हणून आदल्या दिवशी धक्क्यावर चौकशी करून ठेवावी.

एक दिवस हाताशी असेल तर वायकोमला जावे. वायकोम ते तवणक्कडवु या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ आसनांची, सौरऊर्जेवर चालणारी बोट प्रवाशांची ने-आण करते. भारतातील ती अशी पहिली प्रवासी बोट होय. दीक्षाभूमीच्या आपल्या शहराला या गावाशी एक नाते वाटायला हरकत नाही. येथील महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचा हक्क सर्वांना मिळावा यासाठी १९२४-२५ मध्ये जो वायकोम सत्याग्रह झाला, तो डॉ. आंबेडकरांच्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापूर्वीचा. मार्च १९२५ मध्ये गांधीजी त्या सत्याग्रहासाठी आले तेही बोटीनेच, आणि वायकोमच्या धक्क्यावरच उतरले.

प्रश्न : माझे बालपण तुमसरजवळच्या खेड्यात रोवणी करण्यात गेले. केरळात समुद्राच्या पातळीखाली धान पिकते असे ऐकले. खाऱ्या पाण्याशेजारी हे कसे शक्य आहे? – एक शिक्षिका, सक्करदरा

या पत्राने मला फार आनंद झाला, कारण बोटीतून जाणारे बहुतेक प्रवासी त्या शेतांची फक्त छायाचित्रे काढतात.

आपण विचारता तो प्रदेश कुट्टनाड. पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या नद्यांनी वेंबनाडच्या दक्षिण टोकाला आणून टाकलेल्या गाळाचा तो सखल मुलूख आहे आणि त्यातील काही शेते समुद्रसपाटीच्या दोन मीटरपर्यंत खाली आहेत. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलावाचे पाणी बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत कसे आणायचे ही चिंता असते. तेथे बांधीतले पाणी बाहेर कसे टाकायचे ही चिंता असते. बोटीतून जाताना आपण पाण्यावर असतो आणि बांधापलीकडचे शेत आपल्या पायांच्याही खाली असते. हे पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा थोडे गरगरते.

हे शेत मुळात कायलचाच भाग होता. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसांनी उथळ पाण्यात नारळीचे खांब दोन रांगांत ठोकले, त्यांना बांबूचे तट्टे बांधले, मधल्या पोकळीत वाळू, डहाळ्या आणि तळातून बुडी मारून काढलेला चिखल भरला आणि असा बांध पूर्ण झाला की आतले पाणी उपसून काढले. चित्तिरा, मार्तंडम आणि राणी ही १९४० च्या दशकात काढलेली तीन मोठी शेते त्रावणकोरच्या राजघराण्याच्या आठवणीने ओळखली जातात. मात्र त्यांचा चिखल काढणारे हात मुख्यतः पुलया समाजातील मजुरांचे होते आणि त्यांची नावे कोणत्याही शेताला नाहीत.

बांधाने वेढलेल्या अशा शेतसमूहाला पाडशेखरम म्हणतात. पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो. पाऊस ओसरला की सर्व शेतकरी मिळून पाणी उपसतात. पूर्वी त्यासाठी पायांनी फिरवायचे लाकडी चक्र असे, नंतर ‘पेट्टी आणि परा’ नावाचा, लाकडी पेटी आणि पिंप यांचा विजेच्या मोटारीवर चालणारा पंप आला. मग धानाच्या पुंजा नावाच्या हंगामाचे बी पडते. तेथे आपल्यासारखी पऱ्हे टाकून रोवणी करण्यापेक्षा मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रीत अधिक आहे. आपल्याकडच्या आवत्याची ती बहीण म्हणावी. कापणी मार्चच्या आसपास होते. एकाचा बांध फुटला तर सगळ्यांचे धान जाते, म्हणून येथे एकट्या शेतकऱ्याला स्वतःपुरती शेती करता येत नाही.

खाऱ्या पाण्याचा प्रश्न याच हंगामात उभा राहतो. उन्हाळ्याकडे नद्यांचा जोर ओसरतो आणि समुद्राचे पाणी कायलमध्ये आत चढते. ते थांबवण्यासाठी वेंबनाडच्या अरुंद भागात तण्णीरमुक्कम येथे १९७० च्या दशकात दरवाजांचा मोठा बांध घालण्यात आला, आणि साधारण डिसेंबरच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचे दरवाजे बंद असतात. त्याआधी, १९५५ मध्ये, पुराचे पाणी थेट समुद्रात सोडण्यासाठी तोट्टप्पळ्ळी येथे सांडवा झाला होता. धानाला बांधाचा उपयोग झाला, पण दरवाजे बंद असताना बांधाच्या दक्षिणेकडील पाणी साचते, कुजते आणि जलपर्णीने भरते. एरवी खारे पाणी आले की ती आपोआप मरते. अंबाझरी तलावातील जलपर्णी यंत्रांनी उपसण्याचा खटाटोप ज्यांनी पाहिला आहे त्यांना खारे पाणी किती मोठे काम फुकटात करते हे कळेल. कोळंबी आणि मासे यांचे येणे-जाणेही अडते. त्यामुळे दरवाजे कधी उघडावेत यावर शेतकरी आणि कोळी यांचा वाद दरवर्षी होतो, आणि माझ्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या शेतीपद्धतीला जागतिक कृषी वारशाचा मान दिला. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात तोच कुट्टनाड पाण्याखाली गेला आणि तेथील हजारो लोकांना घरे सोडून जावे लागले.

शेत पाहायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जावे. तेव्हा धान उभे असते.

प्रश्न : दिवाळीत जावे की मेमध्ये? – दोन वाचक, धरमपेठ व हुडकेश्वर

शक्य असल्यास दोन्ही टाळून डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. दिवाळीच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस असतो. तो बहुधा दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि सकाळ मोकळी ठेवतो, म्हणून सकाळचा प्रवास ठरवल्यास बिघडत नाही. मेमध्ये तेथील पारा आपल्यापेक्षा बराच खाली असतो हे खरे, परंतु हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही. आपला वाळ्याचा कूलर कोरड्या हवेमुळे चालतो. तेथे तो फक्त पंखा ठरेल. जूनपासून मुसळधार पाऊस असतो आणि इशारा निघाला की बोटी थांबवल्या जातात. त्या पावसाचे एकच आकर्षण म्हणजे आलप्पुळ्याजवळच्या पुन्नमडा कायलमधील नेहरू करंडक नौकाशर्यत. शंभर फुटांहून लांब चुंडन वळ्ळम आणि तिच्यात एका ठेक्यात वल्ही मारणारी शंभराच्या आसपास माणसे असे तिचे रूप असते. पंडित नेहरूंच्या १९५२ च्या भेटीपासून ही शर्यत चालत आली आहे. ती ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी घेण्याची प्रथा होती, पण २०२४ मध्ये वायनाडच्या भूस्खलनामुळे ती पुढे गेली होती, म्हणून तारीख पक्की झाल्याखेरीज रेल्वेचे तिकीट काढू नये.

प्रश्न : मागील सहलीत एका बोटीवर आम्ही लाइफ जॅकेट मागितले, तर ती पेटीत कुलूपबंद होती आणि किल्ली काठावर राहिली होती. आम्ही काही बोललो नाही. यंदा मुले सोबत आहेत, म्हणून भीती वाटते. – एक वाचक, जरीपटका

भीती रास्त आहे. न बोलणे ही चूक होती. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली दुमजली पर्यटक बोट सायंकाळी उलटून २२ जण गेले आणि त्यांत लहान मुले बरीच होती. शंभर वर्षांपूर्वीही कारण हेच होते: जानेवारी १९२४ मध्ये कोल्लमहून आलप्पुळ्याकडे निघालेली गर्दीने भरलेली ‘रिडीमर’ ही बोट पल्लना येथे बुडाली आणि मल्याळमचे महाकवी कुमारन आशान त्या अपघातात गेले. कायलचे पाणी शांत दिसते, आणि लाटांपेक्षा बोटीवरील गर्दी व तिचा तोलच येथे अधिक घातक ठरला आहे.

म्हणून चढण्यापूर्वी बोटीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचावी आणि माणसे मोजावीत. मुलांना जॅकेट पाण्यात गेल्यावर नव्हे, धक्क्यावरच घालावे. पक्षी दिसला म्हणून सर्वांनी एकाच बाजूला धावू नये, आणि वरच्या मजल्यावर तर मुळीच नाही. सूर्यास्तानंतर फिरवून आणतो असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. किल्ली काठावर राहिली असेल तर ती येईपर्यंत आपणही काठावरच राहावे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. हाउसबोटीवर जेवणाचे काय? – एक वाचक, महाल

आधी कळवल्यास अडचण येत नाही. अवियल, ओलन, तोरन आणि सांबार हे पदार्थ तेथे घरोघरी होतात. फोडणी खोबरेल तेलाची असते आणि भात जाड, तांबूस मट्टा तांदळाचा. तो ज्यांना रुचत नाही त्यांनी पांढरा भात मागावा. तिखटाची सवय सावजीची असेल तर ठेचा घरून न्यावा.

प्रश्न : आमच्या आजोबांचा वैनगंगेवर डोंगा होता. तशा डोंग्यातून कायलमध्ये फिरता येते का? – एक वाचक, कुही

येते, आणि त्यासाठी कोल्लमजवळचे मुनरोतुरुत्तु गाठावे. कल्लडा नदी अष्टमुडी कायलला मिळते तेथील हे बेट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरचे रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचे प्रतिनिधी असलेल्या कर्नल मुनरोच्या नावाने ओळखले जाते. कोल्लम–एर्नाकुलम लोहमार्गावर त्याच नावाचे लहान स्थानकही आहे. नावाडी मागे उभा राहून लांब बांबूने तळ रेटत नाव पुढे नेतो, मोटार नसते, आणि घरांच्या मागील अंगणांतून, काथ्यासाठी भिजत घातलेल्या नारळाच्या सोडणांच्या उग्र वासातून आपण जातो. अलीकडे भरतीचे पाणी बेटावरील घरांत शिरू लागले आहे आणि अनेक कुटुंबे सोडून गेली आहेत. ओलीच्या रेषा भिंतींवर दिसतात, त्याविषयी नावाड्याला विचारावे, तो सांगतो. पहाटे सहाला निघणे उत्तम. गुडघे दुखणाऱ्यांनी हा नाद करू नये, कारण फळीवर मांडी घालून बसावे लागते आणि काही पूल इतके खाली आहेत की नावाड्याने हाक दिली की नुसती मान वाकवून भागत नाही, पार आडवे व्हावे लागते.